कुत्रा, कर्करोग आणि क जीवनसत्त्व



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्रा असेल. नसला तरी गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याला तुम्ही 'आपला' म्हणत असाल. असा कुत्रा आठ-दहा वर्षांचा झाला, की एखाद्या दिवशी त्याच्या अंगावरून हात फिरवताना बोटांना गाठ लागते. पशुवैद्य गाठीत सुई घालून थोडा द्रव काढतात, काचपट्टीवर पसरतात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कधी कधी सांगतात, 'कर्करोग आहे.' मग घरात सल्ल्यांना ऊत येतो. त्यांतला एक सल्ला हमखास असतो : 'क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करा. परदेशात त्याने कॅन्सर बरा करतात!'

हा सल्ला खुळचट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. तो खरा मानून गोळ्यांची बाटली विकत आणणे त्याहूनही सोपे. आपण या दोन्ही वाटा सोडून जरा चिकित्सा करू. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्य नव्हे. पण या प्रश्नाच्या मुळाशी इलेक्ट्रॉनांची देवघेव आहे, संहतीचे गणित आहे आणि मोजमापातल्या चुका आहेत. ही सगळी आमच्याच मुलखातली मंडळी, म्हणून हे धाडस.

कुत्र्याला लिंबू का लागत नाही?

स्कर्व्ही हा रोग तुम्ही पुस्तकात वाचला आहे. हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात आणि शेवटी माणूस दगावतो. १७४७ साली जेम्स लिंड या नाविक डॉक्टराने 'सॅलिसबरी' या जहाजावर बारा रोगी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी भराभर सुधारली. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. यापुढची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिश या दोघांनी प्रयोगशाळेत गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. प्राण्यात हा रोग मुद्दाम निर्माण करता आला, म्हणून पुढे क जीवनसत्त्वाचा शोध सुकर झाला. आता गंमत पाहा. त्यांनी गिनीपिगांऐवजी कुत्री किंवा उंदीर घेतले असते, तर काहीच झाले नसते! कुत्र्याला वर्षानुवर्षे लिंबू, आवळा, पेरू यांतले काही मिळाले नाही तरी त्याला स्कर्व्ही होत नाही. त्याचे यकृत ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते.

हे काम पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला असते. माणसात शेवटच्या पायरीवरचे विकर बनत नाही. त्याचे जनुक आपल्याजवळ आहे, पण मोडलेल्या अवस्थेत. माकडांच्या बऱ्याच जातींची आणि गिनीपिगाची हीच कथा. कोणता प्राणी हे काम कुठे करतो, याची पाहणी कलकत्ता विद्यापीठातील आय. बी. चटर्जी यांनी केली आणि १९७३ साली ती प्रसिद्ध झाली. बेडूक आणि सरडे यांच्यात हा कारखाना मूत्रपिंडात असतो. सस्तन प्राण्यांत तो यकृतात आला. आपल्या देशातल्या एका प्रयोगशाळेतून आलेले हे काम जगभर मानले गेले. ते आपल्याच मुलांना ठाऊक नसते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

तेव्हा पहिला निकाल असा : कुत्र्याला क जीवनसत्त्वाचा तुटवडा पडला आणि म्हणून कर्करोग झाला, हे म्हणणे टिकत नाही. पण 'मग त्याला ते देणे व्यर्थच' असाही निकाल इतक्यात लावू नका. पाणी तहान भागवते, आणि तेच पाणी धरणातून सोडले तर जनित्र फिरवते. पदार्थ तोच, पण प्रमाण बदलले की त्याचे काम बदलू शकते.

दोन नोबेल पारितोषिके आणि एक वाद

क जीवनसत्त्व आणि कर्करोग ही जोडी गाजली ती लायनस पॉलिंग यांच्यामुळे. हे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ. १९५४ चे रसायनशास्त्राचे आणि १९६२ चे शांततेचे अशी दोन नोबेल पारितोषिके त्यांना एकट्याने मिळाली. १९७० साली त्यांनी सर्दीवर क जीवनसत्त्व घ्या, असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत गोळ्यांचा खप एकदम वाढला. पुढे स्कॉटलंडमधील इवान कॅमेरॉन हे शल्यविशारद त्यांना येऊन मिळाले. ज्यांच्यावर आणखी काही इलाज उरलेला नाही अशा कर्करोग्यांना कॅमेरॉन रोज सुमारे १० ग्रॅम क जीवनसत्त्व देत. पुष्कळदा सुरुवातीचे काही दिवस शिरेतून आणि नंतर तोंडावाटे.

१९७६ साली दोघांनी मिळून निबंध लिहिला. जीवनसत्त्व घेतलेले १०० रोगी आणि न घेतलेले १,००० रोगी यांची तुलना त्यात होती. घेतलेले रोगी सरासरीने चौपटीहून अधिक दिवस जगले, असे दिसले. चौपट! हा आकडा वाचून कोणाला आशा वाटणार नाही?

पण ते १,००० रोगी आले कुठून? ते रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतून निवडलेले होते. रोग्याचे दिवस मोजायचे ते 'आता इलाज उरला नाही' असे ठरल्या दिवसापासून. हा दिवस दोन्ही गटांत एकाच रीतीने ठरला होता का? एका गटात डॉक्टरांनी हात लवकर टेकले आणि दुसऱ्यात शेवटपर्यंत धडपड केली, तर पहिल्या गटाचे दिवस आपोआपच जास्त भरतील. औषधाचा त्यात काही वाटा नसेल. प्रयोगशाळेत स्क्रू गेज हातात घेतल्यावर आम्ही आधी शून्य त्रुटी पाहायला सांगतो. मोजणी जिथून सुरू होते तिथेच चूक असेल, तर पुढचे सगळे वाचन चुकते. इथे टीकाकारांनी बोट ठेवले ते नेमके या शून्यावर.

यावर उपाय जुनाच आहे. रोगी एकाच वेळी घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी गोळी द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी. आणि कोणाला कोणती मिळाली, हे रोग्याला आणि डॉक्टरला दोघांनाही कळू द्यायचे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने असे प्रयोग केले. १९७९ साली एकाचा निकाल आला, १९८५ साली दुसऱ्याचा. रोज १० ग्रॅम तोंडावाटे दिलेल्या जीवनसत्त्वाचा काही उपयोग दिसला नाही. पॉलिंग चिडले, त्यांनी हरकती घेतल्या. पहिल्या खेपेला रोग्यांना आधी तीव्र औषधे दिली होती, ही हरकत रास्त वाटल्यावरून दुसऱ्या खेपेला तसे रोगी टाळले. तरीही निकाल तोच आला.

पॉलिंग यांच्या पत्नी १९८१ साली जठराच्या कर्करोगाने वारल्या, स्वतः पॉलिंग १९९४ साली पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाने. दोघेही हे जीवनसत्त्व भरपूर घेत. त्यावरून थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. मला ती थट्टा पटत नाही. एकट्यादुकट्याच्या मृत्यूने औषध खोटे ठरत नाही, आणि 'आमचा मोती गोळ्या देऊन दोन वर्षे जगला' याने ते खरेही ठरत नाही. मोती गोळ्यांवाचून किती जगला असता, हे सांगणारा दुसरा मोती कुठे आहे?

कुत्र्यांच्या बाबतीतही नेमके हेच झाले. कॅलिफोर्नियातील वेंडेल बेलफील्ड या पशुवैद्याने १९६० च्या दशकात डिस्टेंपर झालेल्या कुत्र्यांना शिरेतून क जीवनसत्त्व दिले आणि बरीच कुत्री वाचल्याचे लिहिले. तुलनेसाठी न दिलेल्या कुत्र्यांचा गट मात्र ठेवला नव्हता.

एस.टी.च्या दारातली गर्दी

कॅमेरॉन आणि मेयो यांच्यात एक फरक होता. त्याचे महत्त्व पुढे वीस वर्षांनी कळले. कॅमेरॉन सुरुवातीला जीवनसत्त्व शिरेतून देत. मेयोने ते फक्त तोंडावाटे दिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात निरोगी तरुणांना रुग्णालयात ठेवून, मोजून मापून क जीवनसत्त्व दिले आणि रक्तात ते किती चढते हे पाहिले. निकाल १९९६ साली आला. रोज काही शे मिलिग्रॅमपर्यंत रक्तातली पातळी वाढते. पुढे कितीही द्या, ती जवळजवळ तिथेच राहते.

असे का व्हावे? एस.टी. स्थानकावर गाडी लागली, की दारातून एका वेळी एकच माणूस आत जातो. फलाटावर पन्नास माणसे असोत की पाचशे, मिनिटाला चढणारी माणसे तेवढीच. आतड्याच्या पेशींवर क जीवनसत्त्व आत घेणारी ठरावीक वाहक प्रथिने असतात. ती म्हणजे हे दार. आत शिरलेला जास्तीचा साठा मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. आतड्यात उरलेला साठा पाणी ओढून घेतो आणि जुलाब होतात. कुत्र्याला भरमसाट गोळ्या दिल्यावर त्याचे पोट बिघडते ते यामुळेच.

आता आकडे पाहा. माणसाच्या रक्तद्रवात साधारणपणे लिटरला १२ ते १४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. तोंडावाटे सोसेल तेवढे दर चार तासांनी दिले तरी हिशेबाने ते ४० मिलिग्रॅमच्या आसपास थांबते. सुई शिरेत घातली की मात्र दाराचा प्रश्नच उरत नाही. मग लिटरला हजार, दोन हजार मिलिग्रॅम अशी पातळी गाठता येते. म्हणजे पंचवीस ते पन्नास पट! गोळी आणि शिरेतले द्रावण ही एकाच पदार्थाची दोन रूपे असली, तरी कर्करोगाच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधे मानली पाहिजेत. गोळ्यांची बाटली विकणारे हा फरक सांगत नाहीत.

देणारा आणि घेणारा

इतक्या पातळीला ते करते तरी काय? यासाठी घरी दोन प्रयोग करा. घरातले मोठे माणूस जवळ असू द्या.

पहिला प्रयोग. पेलाभर पाण्यात टिंक्चर आयोडीनचे चार-पाच थेंब टाका. पाणी तपकिरी होईल. आता क जीवनसत्त्वाची गोळी कुटून तिची पूड त्यात टाका आणि ढवळा. रंग नाहीसा होईल. जीवनसत्त्वाचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, आयोडीन ते घेते आणि रंगहीन आयोडाइड बनते. क जीवनसत्त्व हा असा उदार दाता आहे. (ते पाणी लगेच मोरीत ओता.)

शरीरात हा दाता एरवी रक्षणाचे काम करतो. पण त्याची संहती फार वाढली आणि जवळ लोहाचे सुटे आयन असले, तर इलेक्ट्रॉन लोहामार्फत ऑक्सिजनकडे जातात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. हे जखमा धुण्याच्या औषधात असते तेच, पेशींना जाळणारे. रक्षकाच्या हातूनच विष तयार झाले!

मग निरोगी पेशी का मरत नाहीत? दुसरा प्रयोग करा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब बटाट्याच्या ताज्या चकतीवर टाका. फसफसून फेस येईल. बटाट्याच्या पेशींतील कॅटालेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. आपल्या तांबड्या रक्तपेशींतही ते भरपूर असते, म्हणून रक्तात पेरॉक्साइड टिकत नाही. पण रक्तवाहिन्यांबाहेर, पेशींच्या भोवतालच्या द्रवात ते साठू शकते. तिथे पुष्कळशा कर्कपेशी उघड्या पडतात, कारण त्यांच्यात कॅटालेज कमी आणि सुटे लोह जास्त असते. २००५ साली लेव्हिन यांच्याच गटाने काचपात्रातील पेशींवर हे दाखवले.

काचपात्रात पेशी मरणे वेगळे आणि रोगी बरा होणे वेगळे, हे विसरू नका. माणसांवरचे प्रयोग चालू आहेत आणि निकाल संमिश्र आहेत. चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४४२ रोग्यांवर प्रयोग झाला. २०२२ साली आलेल्या त्याच्या निकालात एकूण गटात रोगाची वाढ थोपवली गेल्याचे दिसले नाही. उलट अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ३४ रोग्यांचे चिठ्ठीने दोन गट केले. नेहमीच्या औषधांबरोबर आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम जीवनसत्त्व शिरेतून मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य १६ महिने भरले. नुसत्या औषधांवरच्यांचे सुमारे ८ महिने. हा २०२४ चा निकाल. चौतीस ही संख्या लहान आहे, तरी त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. लक्षात घ्या, इथे जीवनसत्त्व औषधांच्या जोडीला दिले होते, औषधांऐवजी नव्हे.

आठ बीगल

आता कुत्र्यांकडे वळू. आयोवा राज्यातल्याच संशोधकांनी २०१९ साली आठ निरोगी बीगल कुत्र्यांवर केलेले काम प्रसिद्ध केले. कुत्री आठ ते दहा किलो वजनाची. त्यांना शिरेतून सहा तास सावकाश द्रावण दिले. एकदा किलोमागे ५५० मिलिग्रॅम, दुसऱ्यांदा २,२०० मिलिग्रॅम. नऊ किलोच्या कुत्र्याचा हिशेब तुम्हीच करा : जवळजवळ २० ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चाळीस गोळ्यांइतके! मोठ्या मात्रेला रक्तद्रवातली पातळी लिटरला सुमारे १,७५० मिलिग्रॅमपर्यंत चढली आणि सहा ते आठ तासांत पुन्हा मूळपदावर आली. दोन कुत्र्यांना किरकोळ त्रास झाला. काचपात्रात, कुत्र्यांच्या हाडाच्या कर्करोगातून वाढवलेल्या दोन प्रकारच्या पेशींपैकी एकीत ६३ टक्के, दुसरीत ५० टक्के घट झाली; निरोगी त्वचापेशींत २७ टक्के.

यातून काय सिद्ध झाले? एवढेच, की कुत्र्याच्या रक्तात ही पातळी गाठता येते आणि निरोगी कुत्रे ती सोसते. आजारी कुत्रे बरे होते, हे त्या निबंधात कुठेही नाही. कर्करोगाने मूत्रपिंडे थकलेल्या कुत्र्याला ही मात्रा झेपेल असेही त्यावरून म्हणता येत नाही. क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झॅलेट बनतो आणि त्याचे खडे होऊ शकतात. आणखी एक गंमतीची पण धोक्याची गोष्ट : रक्तातली साखर मोजणारी पुष्कळ छोटी यंत्रे इलेक्ट्रॉन मोजून साखर सांगतात. आपला उदार दाता तिथेही इलेक्ट्रॉन देतो, आणि साखर नसताना यंत्र ती भरमसाट दाखवते. त्यावर विसंबून कोणी इन्सुलिन टोचले तर अनर्थ होईल. म्हणून हे काम पशुवैद्याच्याच हातचे.

कुत्र्यांच्या कर्करोगावर काहीच इलाज नाही, असा मात्र समज करून घेऊ नका. अंगणातली सदाफुली तुम्ही पाहता ना? मूळची मादागास्करची, पण आता आपल्याकडे बांधाबांधावर फुलते. मधुमेहावर ती चालते अशी लोकांत समजूत होती. शास्त्रज्ञांनी ती तपासली. साखरेचे जमले नाही, पण तिच्यात कर्कपेशींचे विभाजन थांबवणारी द्रव्ये सापडली. त्यांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे औषध. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत एकाकडून दुसऱ्याला लागणारी एक गाठ फार आढळते. आठवड्याला एक अशी चार-सहा इंजेक्शने दिली, की ती बहुतेक कुत्र्यांत पूर्ण विरघळते. तेव्हा लोकांच्या समजुतीची थट्टा करायची नाही आणि ती तशीच गिळायचीही नाही. सदाफुली तपासणीत उतरली, म्हणून औषधपेटीत आली. शिरेतले क जीवनसत्त्व अजून परीक्षेच्या वर्गात बसले आहे, तोंडावाटे दिलेले बाहेर पडले आहे.

या परीक्षेत कुत्र्यांचे साहाय्य मोठे होऊ शकते. कुत्र्यांना हाडाचा कर्करोग आपोआप होतो आणि तो माणसांच्या मुलांना होणाऱ्या रोगासारखाच असतो. पाय काढून औषधे दिली तरी अशी कुत्री बहुधा वर्षभराच्या आसपास जगतात. म्हणून चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाला नेहमीचा इलाज आणि दुसऱ्याला त्याच्या जोडीला शिरेतून क जीवनसत्त्व दिले, तर दोन-तीन वर्षांत उत्तर हाती येईल. माणसांत त्याला कितीतरी जास्त काळ लागतो.

तुमच्या कुत्र्याच्या अंगाला गाठ लागली, तर पट्टीने तिची लांबी-रुंदी मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे जा. कुत्रीच्या स्तनातली गाठ ३ सेंटिमीटरहून लहान असताना काढली, तर पुढचा धोका बराच कमी असतो. गोळ्या देत 'बघू काय होते' म्हणून दोन-तीन महिने गेले, तर दोनाचे चार सेंटिमीटर होऊन बसतात. वहीतले आकडे डॉक्टरांना दाखवा. गाठ किती वेगाने वाढते आहे, हे त्यांना त्यावरून कळते.